गाठीतील ऑक्सिजनची कमतरता प्रतिमेतून कशी शोधावी आणि त्यावरून उपचार कसे ठरवावेत: सांगली-मिरजेतील रुग्ण, नातेवाईक आणि फॅमिली डॉक्टरांसाठी

कोविडनंतर सांगली जिल्ह्यातील बहुतेक घरांत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला. त्यामुळे किरणोपचार विभागात, म्हणजे रुग्णांच्या भाषेत ‘लाइट’ किंवा ‘शेक’ द्यायच्या ठिकाणी, एक प्रश्न वारंवार ऐकू येतो: “पेशंटचा ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव आहे, मग गाठीत ऑक्सिजन कमी कसा?” प्रश्न रास्त आहे, आणि पुढची प्रत्येक पायरी समजण्यासाठी त्याचे उत्तर आधी पक्के करून घ्यावे लागते. मी किरणोपचाराच्या नियोजनाचे काम करतो. हा लेख त्याच बाजूने लिहिला आहे. त्यात केमोथेरपी आणि शस्त्रक्रियेचा उल्लेख गरजेपुरताच येईल.

ऑक्सिमीटर सांगतो तो रक्तातील हिमोग्लोबिन किती टक्के ऑक्सिजनने भरले आहे हा आकडा. ते हिमोग्लोबिन एकूण किती आहे आणि ते गाठीच्या कोणत्या कोपऱ्यापर्यंत पोचते, हे तो सांगत नाही. जत-आटपाडीकडच्या माणसाला हे समजावताना मी टँकरचे उदाहरण देतो: सगळे टँकर काठोकाठ भरलेले आहेत, पण गावाला चौदा लागतात आणि आले सातच, शिवाय वस्तीकडे जाणारा रस्ता खचलेला आहे. टँकर शंभर टक्के भरलेले असूनही वस्तीवरच्या हंड्यात पाणी नाही.

गाठीच्या आत हीच अवस्था दोन प्रकारे येते. कर्करोगाच्या पेशी वेगाने वाढतात आणि त्यांच्यासोबत वाढलेल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या, गळक्या आणि अपुऱ्या असतात. रक्तवाहिनीतून बाहेर पडलेला ऑक्सिजन वाटेतल्या पेशी वापरत जातात, आणि साधारण १५० ते १८० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अंतरावर तो संपतो. कालव्याच्या हेडला ऊस डोलतो आणि टेलच्या रानाला पाणी पोचत नाही, तसेच हे आहे. हा कायमचा, अंतरामुळे होणारा हायपॉक्सिया, म्हणजे ऑक्सिजनची कमतरता. दुसरा प्रकार आवर्तनासारखा आहे. एखादी रक्तवाहिनी काही मिनिटे किंवा काही तास बंद पडते आणि पुन्हा उघडते, त्यामुळे आज कोरडा दिसलेला भाग उद्या ओला असू शकतो. हा दुसरा प्रकार लक्षात ठेवावा, कारण प्रतिमा वाचताना तोच सर्वांत जास्त फसवतो.

किरणोपचाराशी याचा संबंध १९५५ मध्ये स्पष्ट झाला. थॉमलिन्सन आणि एल. एच. ग्रे यांनी मानवी फुफ्फुसाच्या कर्करोगाचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. जिवंत पेशींचा थर रक्तपुरवठ्यापासून ठरावीक अंतरापर्यंतच असतो आणि त्यापलीकडे मृत भाग सुरू होतो, असे त्यांना आढळले. या दोहोंच्या सीमेवर अर्धपोटी पेशी असतात. त्यांना मरण्याइतका ऑक्सिजन कमी पडलेला नसतो, पण किरणांनी मरण्याइतका तो पुरेसाही नसतो. किरणांमुळे पेशीच्या डीएनएमध्ये मुक्तमूलक, म्हणजे अस्थिर आणि चटकन प्रक्रिया करणारे भाग, तयार होतात. ऑक्सिजन हजर असेल तर तो त्या जखमेला चिकटून ती कायमची करतो, आणि नसेल तर पेशी बरीचशी जखम दुरुस्त करून घेते. म्हणून पूर्णपणे ऑक्सिजनविरहित पेशी मारायला अडीच ते तीन पट मात्रा लागते. ज्या एककात आपण मात्रा मोजतो ते ‘ग्रे’ याच शास्त्रज्ञाच्या नावाचे आहे.

पहिली पायरी: तपासणीआधी प्रश्न लिहून काढा

हायपॉक्सियाचे इमेजिंग अजून बहुतेक ठिकाणी संशोधनाच्या चौकटीत केले जाते. नेहमीच्या तपासण्यांच्या यादीत ते नाही. म्हणून कोणी हा स्कॅन सुचवला, तर डॉक्टरांना सरळ विचारावे: “उत्तर ‘हो’ आले तर उपचारात काय बदलणार, आणि ‘नाही’ आले तर काय बदलणार?” दोन्ही वेळी उपचार तोच राहणार असेल आणि आपण कोणत्याही अभ्यासात सहभागी नसू, तर त्या स्कॅनसाठी खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न लिहिताना आजार कोणता आणि मुख्य उपचार कोणता, हे आधी ठरलेले असावे. आपल्याकडे तंबाखू, मिसरी आणि गुटख्यामुळे तोंडाचे कर्करोग खूप आढळतात. गाल किंवा जिभेच्या गाठीचा पहिला उपचार सहसा शस्त्रक्रिया हा असतो. गाठ काढूनच टाकणार असतील, तर त्या गाठीतील ऑक्सिजन शोधून फारसे हाती लागत नाही. घसा, स्वरयंत्र आणि गर्भाशयमुख यांचे जे कर्करोग प्रामुख्याने किरणांनी बरे करायचे असतात, तेथे हा प्रश्न खरा ठरतो. गर्भाशयमुखाच्या बाबतीत जर्मनीतील माइन्झ येथे हॉकेल आणि सहकाऱ्यांनी गाठीत सुईसारखा इलेक्ट्रोड घालून थेट मोजणी केली होती. ऑक्सिजनचा मध्यक दाब १० मिलिमीटर पाऱ्यापेक्षा कमी असलेल्या स्त्रियांचे निकाल अधिक वाईट होते, आणि शस्त्रक्रिया झालेल्या गटातही हाच कल दिसला, असे त्यांनी १९९६ मध्ये मांडले. म्हणजे हायपॉक्सिया किरणांपासून पेशीला वाचवतोच, शिवाय आजाराला आक्रमकही बनवतो. पेशी ऑक्सिजनची चणचण कशी ओळखतात, या शोधासाठी केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल मिळाले.

दुसरी पायरी: पेट स्कॅन कोणता, हे कागदावर वाचा

पेट स्कॅन म्हणजे शरीरात टोचलेले किरणोत्सारी औषध कुठे साठते ते दाखवणारी प्रतिमा. येथे होणारा घोळ मी अनेकदा पाहिला आहे. रुग्णाच्या फायलीत ‘पेट-सीटी’ असे लिहिलेले असते आणि नातेवाईक समजतात की ऑक्सिजनचीही तपासणी झाली. नेहमीचा पेट स्कॅन एफडीजीचा असतो. एफडीजी म्हणजे किरणोत्सारी खुणेची साखर. गाठ किती साखर खाते आणि आजार कुठे कुठे पसरला आहे, हे तो दाखवतो. भरपूर ऑक्सिजन असलेली गाठसुद्धा साखर खाते, त्यामुळे एफडीजीवरचा लखलखीत भाग हायपॉक्सिक असेलच असे नाही.

हायपॉक्सियासाठी वेगळे औषध लागते. सर्वांत जास्त अभ्यास झालेले औषध म्हणजे फ्लोरिन-१८ जोडलेले मिसोनिडॅझोल, ज्याला व्यवहारात एफ-मिसो म्हणतात. त्याच कुळातील फाझा आणि एचएक्स-४ ही औषधे रक्तातून अधिक लवकर निघून जातात. या कुळाची, म्हणजे नायट्रोइमिडॅझोलची, युक्ती मोठी सुंदर आहे. औषध प्रत्येक पेशीत शिरते आणि पेशीतील विकरे (एन्झाइम) त्याला एक इलेक्ट्रॉन देतात. ऑक्सिजन जवळ असेल तर तो तो इलेक्ट्रॉन हिसकावून घेतो, औषध मूळ रूपात येते आणि पेशीबाहेर पडते. ऑक्सिजन नसेल तर औषधाचे पुढचे क्षपण होते, म्हणजे त्याला आणखी इलेक्ट्रॉन मिळतात, ते पेशीतील रेणूंना चिकटते आणि आतच अडकते. मृत पेशीत विकरेच चालत नाहीत, म्हणून तेथे औषध अडकत नाही. चौथ्या पायरीत हे वाक्य पुन्हा लागेल.

एमआरआयच्या मार्गानेही प्रयत्न होतात. ऑक्सिजन सोडलेले हिमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्र किंचित बिघडवते, त्यावर बोल्ड पद्धत आधारलेली आहे. दुसऱ्या पद्धतीत रुग्णाला शुद्ध ऑक्सिजन श्वासातून देऊन आधीच्या आणि नंतरच्या प्रतिमांतील फरक मोजतात. यात किरणोत्सर्ग नाही आणि औषध लांबून आणावे लागत नाही, त्यामुळे मिरजेसारख्या शहरासाठी पुढे हा मार्ग अधिक सोयीचा ठरेल असे मला वाटते. मात्र बोल्डचा संकेत रक्ताच्या प्रमाणानेही बदलतो, आणि घशासारख्या ठिकाणी गिळण्याची हालचाल व जवळची हवा त्रास देतात. प्रश्न पेटने सुटत असेल, तर आज तरी पेटचा पुरावा अधिक आहे.

तिसरी पायरी: वेळेचे गणित आणि स्कॅनचा दिवस

फ्लोरिन-१८ चा अर्धायुकाल, म्हणजे किरणोत्सर्ग निम्मा होण्याचा काळ, सुमारे ११० मिनिटे आहे. समजा, औषध पुण्यातून निघाले आणि सातारा, कराड करत सांगलीला यायला चार तास लागले, तर निघताना असलेल्या किरणोत्सर्गापैकी जेमतेम २२ टक्के उरतो. रुग्णाला १० मिलिक्युरी (किरणोत्सर्ग मोजण्याचे एकक) द्यायचे असेल तर निघताना त्याच्यासाठी सुमारे ४५ मिलिक्युरी भरावे लागतात. खंबाटकी घाटात ट्रक आडवा झाला तर हे गणितही आडवे होते. म्हणून वेळ ठरवताना औषध पोचल्याचा फोन येईपर्यंत रुग्णाला टेबलवर घेऊ नये. रुग्णानेच सायक्लोट्रॉन, म्हणजे फ्लोरिन-१८ तयार करणारे यंत्र, असलेल्या शहरात जाणे सोयीचे पडते का, याचाही विचार करावा.

एफडीजीच्या आधी चार ते सहा तास उपाशी राहावे लागते आणि साखर तपासावी लागते. एफ-मिसोसाठी तशी सक्ती सहसा नसते, तरी केंद्राने दिलेली सूचना पाळावी. पाणी भरपूर प्यावे. त्या दिवशी सिगारेट-विडी पूर्ण बंद ठेवावी, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला चिकटून बसतो आणि ऑक्सिजनची जागा अडवतो. मग जी प्रतिमा मिळते ती त्या विडीसकट गाठीची असते. त्याच आठवड्यातील हिमोग्लोबिनचा अहवाल सोबत ठेवावा, आणि स्कॅन व उपचार यांच्या मध्ये रक्त चढवले असेल तर ते ठळक लिहावे.

इंजेक्शननंतर दोन ते चार तास थांबावे लागते. एफडीजीचा एक तासाचा अनुभव असलेले नातेवाईक येथे चुळबुळ करू लागतात, पण थांबण्याला कारण आहे. एफ-मिसो रक्तातून हळूहळू ओसरते. चांगल्या ऑक्सिजनच्या पेशींतून ते बाहेर पडेपर्यंत अडकलेले आणि फिरते औषध वेगळे ओळखता येत नाही. दुसऱ्या बाजूने, तीन तासांत किरणोत्सर्ग एक तृतीयांशाखाली येतो, त्यामुळे फार उशीर केला तर प्रतिमा दाणेदार होते. केंद्राने एक वेळ ठरवावी आणि प्रत्येक रुग्णाला, प्रत्येक स्कॅनला तीच पाळावी.

किरणोपचाराच्या नियोजनासाठी प्रतिमा वापरायची असेल तर स्कॅन सपाट टेबलवर आणि त्या रुग्णाच्या स्वतःच्या थर्मोप्लास्टिक मास्कमध्येच, म्हणजे डोके-मान हलू नये म्हणून त्याच्या मापाने बनवलेल्या जाळीतच, झाला पाहिजे. मान दोन सेंटिमीटर वेगळी वळली, तर दुसऱ्या दिवशी नियोजनाच्या सीटीवर बसवताना हायपॉक्सिक भाग शेजारच्या निरोगी लाळग्रंथीत जाऊन पडतो. स्कॅनपूर्वी लघवी करून यावे. दहा मिलिक्युरीच्या एफ-मिसोतून शरीराला मिळणारी मात्रा सुमारे ४ ते ५ मिलिसिव्हर्ट असते. उपचाराच्या तुलनेत ती क्षुल्लक आहे, तरी त्या दिवशी लहान मुले आणि गरोदर स्त्रियांपासून अंतर ठेवावे.

चौथी पायरी: प्रतिमा वाचणे

या पायरीवर घाई करू नये. एफ-मिसोची प्रतिमा पहिल्यांदा पाहणाऱ्याची निराशा होते. एफडीजीत गाठ दिव्यासारखी पेटलेली असते, तर येथे फिकट ढग दिसतो. गाठ आणि रक्त यांच्यातील संकेताचे गुणोत्तर १.२ ते १.४ च्या वर गेले तर तो भाग हायपॉक्सिक मानण्याची प्रथा आहे. म्हणजे वीस-चाळीस टक्क्यांचा फरक आपण शोधत असतो. रंगांची पट्टी एफडीजीसारखी लावली तर काहीच दिसणार नाही, आणि फार ताणली तर सगळीकडे हायपॉक्सिया दिसेल. म्हणून अहवालात रंगीत चित्राबरोबर गुणोत्तराचा आकडा, त्याचा उंबरठा आणि तुलना रक्ताशी केली की स्नायूशी, हे लिहिलेच पाहिजे. या तीन गोष्टी नसलेला अहवाल परत पाठवावा.

पुढे प्रतिमेच्या मर्यादा येतात. पेटचा एक घनकण, म्हणजे प्रतिमेतील सर्वांत लहान ठोकळा, सुमारे चार मिलिमीटरचा असतो, तर ऑक्सिजन संपण्याचे अंतर १५० मायक्रॉनच्या आसपास असते. म्हणजे एका घनकणाच्या एका कडेवर अशी पंचवीसहून अधिक अंतरे मावतात. आपण पाहतो ती संपूर्ण शिवाराची सरासरी असते, एकेका सरीचे पाणी दिसत नाही. त्यामुळे ‘येथे हायपॉक्सिया नाही’ या विधानाचा अर्थ ‘मोठ्या प्रमाणात नाही’ एवढाच घ्यावा, आणि लहान गाठींबाबत तेवढेही म्हणताना जपून असावे.

मधोमध अंधारी जागा दिसली तर दोन शक्यता असतात. तेथे ऑक्सिजन भरपूर आहे, किंवा तेथे जिवंत पेशीच नाहीत. आधी सांगितल्याप्रमाणे मृत पेशी औषध अडकवत नाहीत. दोन्हींचा रंग सारखाच दिसतो, पण अर्थ अगदी उलटे आहेत. म्हणून एफडीजी आणि कॉन्ट्रास्ट दिलेला सीटी किंवा एमआरआय शेजारी ठेवल्याशिवाय एफ-मिसो वाचू नये. एफडीजीही अंधारे आणि कॉन्ट्रास्टही शिरलेला नसेल, तर तो भाग मृत असण्याची शक्यता जास्त असते. त्याच्या भोवतीची कड हा खरा संशयाचा भाग असतो.

शेवटी आवर्तनाचा मुद्दा राहतो. एकच स्कॅन म्हणजे एका दिवसाचे पाणी. उपचार सुरू झाल्यावर गाठीतील पेशी मरतात, ऑक्सिजन खाणारी तोंडे कमी होतात आणि उरलेल्यांना तो मिळू लागतो. याला पुनर्ऑक्सिजनीकरण म्हणतात, आणि किरणोपचार रोज थोडा थोडा देण्यामागचे ते एक मोठे कारण आहे. जर्मनीतील ड्रेस्डेनच्या गटाने डोके-मान कर्करोगात उपचारादरम्यान पुन्हा पुन्हा एफ-मिसो केले, तेव्हा उपचारापूर्वीच्या स्कॅनपेक्षा पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातील स्कॅनने परिणामांबद्दल अधिक सांगितले. एकाच स्कॅनची ऐपत असेल तर तो कधी करावा, याचा विचार या माहितीवरून करावा. माझा कौल दुसऱ्या आठवड्याला आहे. मात्र अभ्यासाचा आराखडा वेगळा असेल तर तोच पाळावा.

पाचवी पायरी: उपचाराचा निर्णय

हायपॉक्सिया सापडला तर चार वाटा अभ्यासल्या गेल्या आहेत. तेवढ्याच भागाला जास्त मात्रा देणे ही पहिली. जर्मनीतील ट्युबिंगन येथील चाचणीत ७० ऐवजी ७७ ग्रे दिले गेले. ऑक्सिजनची नक्कल करणारे औषध देणे ही दुसरी. डेन्मार्कमधील दाहांका-५ चाचणीत निमोरॅझोलमुळे घसा आणि स्वरयंत्राच्या वरच्या भागातील आजारावरील पाच वर्षांचे नियंत्रण ३३ वरून ४९ टक्क्यांवर गेले, आणि तेथे ते औषध रूढ झाले. पुढे ब्रिटनमधील निमरॅड चाचणीत मात्र फायदा दिसला नाही. कार्बोजेन वायू (ऑक्सिजन आणि थोडा कार्बन डायऑक्साइड यांचे मिश्रण) श्वासातून देणे आणि निकोटिनामाइड (ब-३ जीवनसत्त्वाचे एक रूप) ही तिसरी वाट, आणि केवळ हायपॉक्सिक पेशींनाच मारणारे औषध ही चौथी.

या चौथ्या वाटेची गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण प्रतिमेची गरज तिच्यातूनच कळते. टिरापॅझामीन या औषधाच्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासात ४५ रुग्णांचे एफ-मिसो स्कॅन केले होते. हायपॉक्सिया असलेल्या पण हे औषध न मिळालेल्या १३ पैकी ८ जणांत आजार त्याच भागात पुन्हा उफाळला. औषध मिळालेल्या १९ पैकी केवळ एकात तसे घडले. २००६ मध्ये हे प्रसिद्ध झाल्यावर मोठी आशा निर्माण झाली. पुढे ८६१ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत मात्र औषधाने काहीच फरक पडला नाही, आणि त्या चाचणीत रुग्णांची निवड हायपॉक्सिया पाहून केलेली नव्हती. ज्यांच्या रानात पाणी होतेच त्यांनाही टँकर पाठवला गेला, आणि सरासरीत फायदा विरून गेला. औषध टाकाऊ ठरले की निवड चुकली, हा वाद अजून मिटलेला नाही. मला निवडीचा दोष मोठा वाटतो.

उलट दिशेचा उपयोगही आहे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्राने एचपीव्ही या विषाणूमुळे झालेल्या घशाच्या कर्करोगात, मूळ गाठ शस्त्रक्रियेने काढल्यावर, मानेतील गाठींत हायपॉक्सिया नसेल किंवा उपचारात लवकर नाहीसा झाला असेल, तर ७० ऐवजी ३० ग्रे देऊन पाहिले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातील १५२ रुग्णांपैकी बहुसंख्यांना कमी मात्रा पुरली. हे वाचून आपल्याकडे कोणी मात्रा कमी करण्याची मागणी करू नये. तंबाखूमुळे झालेला आजार जीवशास्त्राच्या दृष्टीने वेगळा आहे आणि तो किरणांना एवढी दाद देत नाही. पॅथॉलॉजीच्या अहवालात पी-१६, म्हणजे एचपीव्हीची खूण असलेले प्रथिन, तपासले आहे का, एवढे मात्र अवश्य पाहावे.

स्कॅन मिळाला नाही तर

बहुतेकांना तो मिळणार नाही, हे गृहीत धरून पुढची कामे आजपासून सुरू करावीत. हिमोग्लोबिन दर आठवड्याला पाहावे. गर्भाशयमुखाच्या रुग्णांत ते १० ग्रॅमच्या वर ठेवण्याचा सर्वसाधारण प्रघात आहे. आपल्या भागातील अनेक स्त्रिया सात-आठवर येतात, त्यामुळे रक्त चढवायचे की लोहाने भागेल, हे पहिल्याच भेटीत ठरवावे. रक्त वाढवण्यासाठी एरिथ्रोपोइटिनची इंजेक्शने स्वतःहून घेऊ नयेत. डोके-मान कर्करोगात किरणोपचारासोबत ती दिल्यावर निकाल बिघडल्याचे २००३ मध्ये दिसून आले आहे. घरी सिलिंडर लावूनही काही साधत नाही, कारण अडचण फुफ्फुसात नसून गाठीतल्या शेवटच्या १५० मायक्रॉनमध्ये आहे. विडी-सिगारेट उपचार संपेपर्यंत तरी पूर्ण थांबवावी.

आणि उपचाराचा दिवस चुकवू नये. गर्भाशयमुखाचा संपूर्ण उपचार, आतून द्यायच्या किरणांसह, आठ आठवड्यांत संपला पाहिजे. ऊसतोड, दिवाळी, घरचे लग्न किंवा यंत्रातील बिघाड यांमुळे दिवस गेलाच, तर तो शेवटी जोडून चालत नाही. त्याच आठवड्यात भरून काढावा लागतो, शनिवारी किंवा एका दिवशी दोन वेळा. दोन वेळांमध्ये किमान सहा तासांचे अंतर लागते, म्हणून जत किंवा कवठेमहांकाळहून येणाऱ्याने त्या दिवशी सकाळचा पहिला नंबर मागून घ्यावा, डबा सोबत आणावा आणि परतीची शेवटची एसटी किती वाजता आहे हे आदल्या दिवशीच तंत्रज्ञाला सांगून ठेवावे.